उलटणाऱ्या गाडीसाठी नळी निवडताना

शहाद्याहून लोणखेड्यामार्गे म्हसावदला आलं की सातपुडा अंगावर येतो. मागे तापीखोऱ्यातला ऊस, केळी, पपई. पुढे तोरणमाळ आणि धडगावकडे चढत जाणारे वळणांचे रस्ते. अशा गावात वेल्डिंगच्या दुकानाला काम कमी पडत नाही. ट्रॉलीचा सांगाडा, शेडचे खांब, जीपच्या टपावरचं कॅरिअर, मोडलेला नांगर, सगळं एकाच ग्राइंडरच्या ठिणग्यांत तयार होतं. लोखंड ओळखणारे हात इथे आहेत. तरीही उद्या एखादं पोर दुकानात येऊन म्हणालं, की शर्यतीच्या गाडीसाठी रोल केज करायचा आहे, कोणती पाइप घेऊ, तर अनुभवी वेल्डरचंही पहिलं उत्तर बहुधा चुकेल. तो म्हणेल, चांगली जाड घे.

हा प्रश्न म्हसावदला वाटतो तितका लांबचा नाही. खेतिया, सेंधवा करत आग्रा रोडला लागलं आणि नर्मदा ओलांडून माळव्याचा घाट चढलं, की पिथमपूर येतं. तिथे नॅट्रॅक्स ही वाहनचाचणीची राष्ट्रीय संस्था आहे. २९ जून २०२१ रोजी तिथल्या ११.३ किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकचं उद्घाटन तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते झालं. त्याच्या कितीतरी आधी, २००७ साली, याच पिथमपूरला ‘बाहा एसएई इंडिया’ ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा पहिल्यांदा भरली. मूळ कल्पना अमेरिकेतली. १९७६ साली साउथ कॅरोलायना विद्यापीठात तिची सुरुवात झाली. मुलांनी एका माणसाची, खडकाळ मातीत पळणारी गाडी स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि तासन्‌तास चालवून दाखवायची. पुण्या-मुंबईपासून खानदेशापर्यंत अनेक महाविद्यालयांतली मुलं नियमांत बसणारी नळी कशी शोधायची, हे याच स्पर्धेच्या निमित्ताने शिकतात.

रोल केज म्हणजे चालकाभोवतीचा पोलादी पिंजरा. गाडी कोलांटली तर छप्पर खाली बसू नये, बाजूने धडक बसली तर दार आत येऊ नये आणि चालकाला जगण्यापुरती जागा उरावी, एवढंच त्याचं काम. फॉर्म्युला वनमध्ये डोक्यामागची कमान सक्तीची व्हायला १९६१ साल उजाडावं लागलं. आज गावपातळीवरच्या हौशी ऑटोक्रॉसपासून नाशिकच्या ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’पर्यंत आणि गोव्याच्या पावसात २०१४ पासून होणाऱ्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’पर्यंत, गाडी तपासणारा अधिकारी इंजिनाआधी पिंजऱ्याकडे वळतो. भारतातल्या मोटारस्पर्धांचं नियमन एफएमएससीआय ही संस्था करते. ती एफआयए या जागतिक संघटनेशी संलग्न असल्याने पिंजऱ्याचा वाद निघाला, की बोट ठेवलं जातं ते एफआयएच्या परिशिष्ट ‘जे’मधल्या कलम २५३ वर.

त्या कलमातली ओळ छोटी आहे आणि प्रत्येक शब्द वजनाचा आहे. नळी थंड ओढलेली, बिनजोड, मिश्रधातू नसलेल्या कार्बन पोलादाची हवी. कार्बन जास्तीत जास्त ०.३ टक्के. ताणबल किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची, किंवा ५० व्यासाची आणि दोन जाडीची. बाकीचे बरेचसे दांडे ३८ बाय अडीच किंवा ४० बाय दोन. ही सगळी मापं किमान आहेत. दुकानदाराने ‘दोन एमएम’ म्हणून दिलेली नळी व्हर्निअरवर १.९ भरली, तर ती नियमाच्या बाहेर.

नेमकी इथेच गावातली जाड पाइप मागे पडते. नळकामाच्या दुकानात मिळणारी पाइप आयएस १२३९ या भारतीय मानकाची असते. तिच्यावरचा रंगीत पट्टा तिचा वर्ग सांगतो: पिवळा हलक्या ‘ए’ क्लासचा, निळा मधल्या ‘बी’चा, तांबडा जड ‘सी’चा. तिचं माप मात्र बाहेरून घेतलेलं नसतं. ती पाणी वाहण्यासाठी असल्यामुळे आतल्या भोकावरून, तेही नावापुरतं, ठरतं. म्हणून ‘दीड इंची’ पाइप बाहेरून मोजली, की ४८.३ मिलिमीटर भरते आणि ‘एक इंची’ ३३.७. यांत्रिक कामाची ट्यूब बाहेरच्या व्यासावर विकतात. तिथे दीड इंच म्हणजे ३८.१ मिलिमीटर. नियमपुस्तिकेतला दीड इंच घेऊन नळवाल्याच्या दुकानात गेलेल्या मुलाच्या हातात भलतीच वस्तू पडते.

बी क्लासची ही दीड इंची पाइप साधारण ३.२ मिलिमीटर जाड असते. मीटरला साडेतीन किलोंहून अधिक भरते. एफआयएची ४५ बाय अडीचची नळी मीटरला २.६२ किलो. म्हणजे पाण्याची पाइप तिच्याहून तिसऱ्या हिश्शाने जड आहे, हाताला भरीव लागते, आणि तरीही तपासणीत नापास होते. कारण आयएस १२३९ ताणबलाची हमी देतं ३२० न्यूटनची. ३५० ची हमी त्या पट्ट्यात नाही. एखादी पाइप प्रत्यक्षात अधिक बळकट निघेलही, पण पिंजरा कधीतरी निघणाऱ्या गुणांवर बांधायचा नसतो. त्यात ती गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेली असेल, तर प्रकरण आणखी बिघडतं. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त उडतं, टाक्यात पोकळ्या राहतात आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला, तर वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो.

मग बाजारात मागायचं काय? नळ्या बनवण्याच्या तीन तऱ्हा लक्षात ठेवल्या तरी पुरे. पहिली ईआरडब्ल्यू. पोलादाची पट्टी गोल वळवतात आणि कडा विजेच्या प्रवाहाने तापवून एकमेकींत दाबतात. टेबल-खुर्चीची, जिन्याच्या कठड्याची नळी हीच. साधी ईआरडब्ल्यू कापून आतून बोट फिरवलं, की जोडाची बारीक धार अनेकदा हाताला लागते. दुसरी सीईडब्ल्यू. ईआरडब्ल्यू नळीच एका साच्यातून, आत दांडा ठेवून, थंड अवस्थेत ओढतात. जोडाची धार दबते, व्यास आणि जाडी नेमकी होते, ताकद वाढते. अमेरिकी शर्यतवाले जिला डीओएम म्हणतात ती हीच, आणि तिला बिनजोड समजण्याची चूक तिथेही सर्रास होते. तिसरी सीडीएस. हिच्यात जोड मुळातच नसतो. तापलेल्या भरीव गोळ्याला मधून भोक पाडून तो लांबवतात आणि मग थंड ओढतात. एफआयएच्या ओळीत बसणारी नळी ही तिसरी. ती महाराष्ट्रात बनते. अहिल्यानगर आणि बारामतीचे आयएसएमटीचे कारखाने, जे आता किर्लोस्कर फेरसकडे आले आहेत, बिनजोड नळ्यांसाठीच ओळखले जातात. रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ महाराष्ट्र सीमलेसचा कारखाना आहे.

सगळे नियम मात्र एकाच वाटेने जात नाहीत. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेल्या एससीसीए या क्लबकडे हौशी चालकांच्या शर्यतींचा मोठा व्याप आहे. तिथे नळीचं माप गाडीच्या वजनाशी बांधलेलं असतं. हलक्या गाडीला बारीक नळी चालते, जड गाडीला व्यास किंवा जाडी वाढवावी लागते. एफआयए सर्वांना एकच किमान माप देते. आणि बाहाची नियमपुस्तिका याहून वेगळं, विद्यार्थ्यांना विचार करायला लावणारं काम करते: ती गणित मागते.

बाहामध्ये मुख्य दांड्यांसाठी एक प्रमाण नळी ठरलेली आहे. व्यास २५.४ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर, पोलाद १०१८ जातीचं, कार्बन किमान ०.१८ टक्के. तीच वापरा, नाहीतर दुसरी वापरा आणि ती वाकण्याच्या ताठपणात नि वाकण्याच्या ताकदीत हिच्याहून कमी नाही, हे कागदावर सिद्ध करा. दुसरीची जाडी मात्र १.५७ मिलिमीटरच्या खाली जायला नको. प्रमाण नळीचा ताठपणा येतो सुमारे २७६३ न्यूटन-चौरस मीटर, ताकद ३८७ न्यूटन-मीटर. हे दोन आकडे बाहाच्या मुलांना तोंडपाठ असतात.

आता दुसरी नळी घेऊन बघू. पोलाद ४१३० जातीचं, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमवालं, ज्याला सगळे ‘क्रोमोली’ म्हणतात. व्यास २९.२ मिलिमीटर आणि जाडी फक्त १.६५, म्हणजे जवळजवळ निम्मी. ताठपणा काढला, तर २७८८ येतो. प्रमाण नळीपेक्षा काकणभर जास्तच. या पोलादाची ताणसहनशीलता ४६० मेगापास्कल धरली, तर ताकद ४२८ पर्यंत जाते. आणि वजन? जुनी नळी मीटरला १.६६ किलो, नवी १.१२. पिंजऱ्यात मुख्य दांडे पंधरा मीटर लागले, तर आठ किलो वाचले. बाहाची गाडी छोट्या इंजिनावर पळते, तिला हे आठ किलो चढावर जाणवतात.

या हिशेबात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. ताठपणा वाढला तो महाग पोलादामुळे नव्हे. साधं पोलाद असो की क्रोमोली, सर्वांचा लवचिकतेचा अंक जवळपास सारखाच, २०५ गिगापास्कल. नियमपुस्तिकाही सगळ्या पोलादांना तोच धरायला सांगते. ताठपणा आला व्यासामुळे, कारण व्यास हिशेबात चौथ्या घाताने येतो. चार मिलिमीटर व्यास वाढला आणि निम्मी जाडी भरून निघाली. एफआयएच्या दोन पर्यायांतही हेच दिसतं. ५० बाय दोनची नळी ४५ बाय अडीचपेक्षा मीटरला पाव किलो हलकी आहे आणि तरी सुमारे पंधरा टक्के अधिक ताठ. हे नीट समजलेला विद्यार्थी दुकानात जाऊन नुसती ‘जाड’ नळी मागत नाही.

मग व्यास वाढवतच न्यावा आणि जाडी उतरवतच न्यावी का? सातपुड्यातला बांबू पोकळ असून ताठ उभा राहतो, पण त्याला ठरावीक अंतरावर पेरं असतात. पेरं नसती, तर वाकताना तो चपटा होऊन फाटला असता. नळीला आत पेरं नसतात. पत्रा फार पातळ झाला, की नळी वाकण्याऐवजी एका जागी चेपते, घडी पडते, आणि एकदा घडी पडली की गणितातला व्यास उरतच नाही. पातळ भिंतीला वेल्डिंग करताना भोक पडतं ते निराळंच. १.५७ मिलिमीटरची मर्यादा आहे ती यासाठी. बाजारात जाडी अजूनही गेजमध्ये विचारतात. १६ गेज म्हणजे १.६३ मिलिमीटर, १४ म्हणजे २.०३. १६ गेजची नळी या मर्यादेच्या काठावरच उभी आहे. कारखान्यातून किंचित कमी जाडीची आली, तर खेळ संपला.

कार्बनचं कोडंही असंच दोन बाजूंचं. बाहा म्हणते किमान ०.१८, एफआयए म्हणते कमाल ०.३. कार्बन फार कमी असेल, तर पोलाद मऊ राहतं. फर्निचरच्या नळ्या बहुधा इथेच गळतात. फार जास्त असेल, तर वेल्डच्या कडेचा पट्टा थंड होताना कडक आणि ठिसूळ होतो. अपघातात पिंजऱ्याने वाकावं, ताणावं, धडकेची ऊर्जा स्वतःत जिरवावी, पण तुटू नये. म्हणून एफआयएचं कलम पोलाद निवडताना नुसतं बळ बघायला सांगत नाही. ते चांगलं ताणलं जाणारं आणि नीट वेल्ड होणारं असावं, असंही सांगतं. घरी बांधलेल्या पिंजऱ्यासाठी एफआयएने मिश्रधातू बाहेर ठेवले आहेत. क्रोमोली वापरायचंच असेल, तर पिंजऱ्याला राष्ट्रीय संघटनेचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठीच्या चाचणीत मुख्य कमानीवर वरून गाडीच्या आणि आतल्या माणसांसाठी धरलेल्या वजनाच्या साडेसात पट भार देतात, आणि कमान पन्नास मिलिमीटरपेक्षा जास्त बसता कामा नये.

चांगली नळी आणून वाईट वाकवली, तर सगळं पाण्यात. वाळू भरून, गॅसने लाल करून पाइप वाकवण्याची पद्धत गावोगाव आहे आणि कठड्यासाठी ती ठीक आहे. पिंजऱ्याची नळी थंडच वाकवायची. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट. वाकवल्यावर नळी लंबगोल झालीच, तर लहान व्यास मोठ्याच्या नऊ दशांशाखाली जाता कामा नये. ४५ मिलिमीटरच्या नळीत हा फरक डोळ्यांना धड दिसतही नाही, व्हर्निअर लावावाच लागतो. आतल्या बाजूला सुरकुती दिसली, तर तो तुकडा भंगारात.

वेल्डिंगला बाहामध्ये जितकी कसून परीक्षा आहे तितकी फार थोड्या ठिकाणी असेल. पिंजऱ्यावर ज्याचा हात चालला त्या प्रत्येक वेल्डरने, पिंजऱ्याच्याच नळीचे, दोन नमुने स्वतः करून द्यायचे. पहिल्यात दोन नळ्या काटकोनात जोडलेल्या असतात. तो जोड मोडेपर्यंत त्यावर जोर देतात. मोडताना नळीचं पोलाद फाटायला हवं. टाका सुटला तर वेल्डर नापास. दुसऱ्यात नळ्या तीस अंशांत जोडून तो जोड उभा चिरतात आणि वेल्ड किती आत उतरलं आहे ते कापलेल्या तोंडावर बघतात. तीस अंशांचा कोन मुद्दाम निवडलेला आहे. त्या अरुंद बेचक्यात टॉर्च नीट शिरत नाही, आणि वरून गुळगुळीत दिसणारा टाका आतून कोरा राहू शकतो. नळीचं टोक दुसऱ्या नळीवर माशाच्या तोंडासारखं घट्ट बसेल असं कापलेलं नसेल, तर वेल्डर फट भरत बसतो आणि ती फट चिरल्यावर दिसतेच. पातळ क्रोमोलीला दुकानात ज्याला ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणतात तेच बरं. आणि टाका घातल्यावर घाईने त्यावर पाणी ओतायचं नाही. ट्रॉलीला ते चालून जातं. क्रोमोली मात्र झटकन थंड झाली, तर काचेसारखी वागू लागते.

तपासनीस बाहेरून जाडी कशी ओळखणार? त्यासाठी कमानीला, जिथे भार कमी येतो अशा जागी, साडेचार मिलिमीटरचं भोक पाडून ठेवायला सांगतात. अमेरिकी क्लबांतही अशीच प्रथा आहे. सुंदर रंगवलेल्या पिंजऱ्यातलं हे एक भोक अनेकांना खुपतं, पण त्यातूनच नळीची खरी जाडी मोजता येते. चालकाच्या हेल्मेटपासून पिंजऱ्याच्या पातळीपर्यंत १५२ मिलिमीटर मोकळी जागा हवी, हाही बाहाचा नियम. उंच मुलगा चालक म्हणून नेमला, की आधी आखलेला पिंजरा पुन्हा काढावा लागतो. मोटारीत बसवायच्या पिंजऱ्याची वेगळी चिंता असते. गाडीचा तळपत्रा एक मिलिमीटरच्या आसपास असतो. कमानीचा पाय थेट त्यावर टेकला, तर उलटताना नळी पत्र्यातून आरपार जाईल. म्हणून एफआयए मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाखाली किमान तीन मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची पोलादी पट्टी आणि ८.८ प्रतीचे किमान तीन एम-८ बोल्ट मागते.

या भागात गाड्या दरीत जाण्याचं दुःख लोकांनी पाहिलेलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळजवळच्या खडकी घाटात मजुरांना नेणारी जीप कोसळली. असं काही घडलं, की प्रवासी जीपलाच असा पिंजरा बसवून घ्यावा, असं कोणालाही वाटेल. ते करू नये, हे इथे स्पष्टपणे सांगायला हवं. शर्यतीचा चालक हेल्मेट घालतो, पाच-सहा पट्ट्यांनी आसनाला जखडलेला असतो आणि डोक्याजवळच्या नळ्यांवर खास प्रमाणित कठीण पॅडिंग असतं. रोजच्या गाडीत यातलं काहीच नसतं. किरकोळ धडकेतही उघडं डोकं पोलादी नळीवर आपटलं, तर जो पिंजरा वाचवायला बसवला तोच जीव घेतो. शिवाय मोटारवाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत. घाटातल्या जीपला हवेत ते चांगले ब्रेक, मोजकी माणसं आणि रस्त्याच्या कडेला भक्कम कठडे.

ट्रॅक्टरचं मात्र वेगळं आहे. ट्रॅक्टर चढावर मागे उलटतो किंवा बांधावरून कलंडतो आणि चालक खाली सापडतो. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांवर उलटण्यापासून वाचवणारी चौकट सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत तिथले असे मृत्यू जवळजवळ नाहीसे झाले. ती चौकट कारखान्यात तपासून, ट्रॅक्टरच्या वजनाला साजेशी बनवलेली असते आणि सीटबेल्टसह वापरायची असते. शहादा-म्हसावदच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांवर ती नसते, आणि ती असायला हवी. फक्त गावातल्या दुकानात उरलेल्या पाइपची नव्हे.

आता पुन्हा त्या मुलाकडे, ज्याला पिंजरा करायचा आहे. आधी ज्या स्पर्धेत उतरायचं तिची त्या वर्षीची नियमपुस्तिका हातात हवी. नियम दरवर्षी बदलतात आणि मागच्या वर्षीच्या मुलांनी सांगितलेलं माप पुरत नाही. नळी पुणे, मुंबई किंवा इंदूरच्या व्यापाऱ्याकडून घेताना तोंडी ‘सीडीएस आहे’ एवढ्यावर थांबायचं नाही. कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र मागायचं. त्यावर त्या घाण्याचा हीट नंबर, कार्बनसह रासायनिक घटक, ताणबल आणि ताण किती टक्के सहन करते, हे सगळं असतं. तोच हीट नंबर नळीवर किंवा तिच्या बंडलाच्या चिठ्ठीवर आहे का, ते तिथेच जुळवून घ्यायचं, बिलावरही लिहून घ्यायचा. प्रत्येक लांबीच्या दोन्ही टोकांना चार जागी जाडी मोजायची. आणि लांब्या घेताना गरजेपेक्षा एखादी जास्त घ्यायची, कारण वेल्डचे दोन नमुने त्याच नळीतून जाणार, वाकवताना पहिलं वळण बहुधा फुकट जाणार, आणि चार महिन्यांनी दुरुस्तीसाठी तुकडा लागला, तर त्याच हीट नंबरची नळी व्यापाऱ्याकडे शिल्लक नसणार.